शून्य दाखवणारा पडदा: सुपरकंडक्टिंग मॅग्नेटचा प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय कसा चालवायचा

कंट्रोलरच्या पडद्यावर ०.०० अँपिअर दिसतंय, सप्लायचा पंखा शांत आहे, आणि दीड मीटरवरच्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे मॅग्नेट थंड ठेवणाऱ्या थर्मॉससारख्या भांड्यात, ८५ अँपिअर फिरतायत. नवीन माणसाला हे पहिल्यांदा सांगितलं की तो आधी पडद्याकडे बघतो, मग आपल्याकडे. कंट्रोलरला मॅग्नेट दिसत नाही. त्याला कळतो तो स्वतःच्या टर्मिनलवरचा करंट आणि तिथलं व्होल्टेज, एवढंच. बाकी जे काही त्याला मॅग्नेटबद्दल ठाऊक आहे असं वाटतं, ते आपणच कधीतरी मेनूत भरलेलं असतं, आणि चुकीचं भरलं असेल तर तो ती चूकही इमानेइतबारे पाळतो.

पुढचे हिशेब सोपे जावेत म्हणून एकच मॅग्नेट धरू. निओबियम-टायटॅनियमची अतिवाहक (सुपरकंडक्टिंग, म्हणजे पुरेशी थंड केली की रोध उरत नाही अशी) तार, ४.२ केल्विनच्या द्रव हेलियमात बुडालेली. ९० अँपिअरला ९ टेस्ला, इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल किती विरोध करते त्याचं माप) १२ हेन्री, आणि सप्लायशिवाय करंट कॉइलमध्ये फिरता ठेवणारा पर्सिस्टंट स्विच बसवलेला. तुमचे आकडे मॅग्नेटसोबत आलेल्या टेस्ट शीटवर असतील. ते शीट सापडत नसेल तर आज रॅम्प करू नका, म्हणजे करंट चढवू-उतरवू नका, कपाटं उपसा.

या मॅग्नेटमध्ये पूर्ण करंटला किती ऊर्जा साठते? अर्धा गुणिले १२ गुणिले ९० चा वर्ग, म्हणजे ४८.६ किलोज्यूल. ऐकायला फार नाही. पण एक लिटर द्रव हेलियम उडवायला जेमतेम २.६ किलोज्यूल पुरतात. सगळी ऊर्जा हेलियमात गेली तर अठरा-एकोणीस लिटर द्रव उडेल, आणि खोलीच्या तापमानाला त्याचा सुमारे १४ हजार लिटर वायू होईल, तोही बघता बघता. सावधगिरीचं सगळं प्रकरण या हिशेबातून येतं.

बटण दाबण्याआधी

हेलियमची पातळी कॉइलच्या वरच्या कडेपेक्षा वर हवी. सुरुवातीलाच नव्हे, काम संपेपर्यंत. पातळी मोजणारा सेन्सर ही स्वतःच एक बारीक अतिवाहक तार असते. तिच्यात करंट सोडून द्रवाबाहेरचा किती भाग रोध दाखवतो ते बघतात, म्हणजे प्रत्येक मोजणीत थोडं हेलियम उडतंच. लेव्हल मीटर सतत मोजत राहण्याच्या मोडवर सोडून घरी जाणारे लोक मी पाहिलेत. सकाळी तेच विचारतात, पातळी एवढी उतरली कशी.

मग मॅग्नेटला करंट पोचवणाऱ्या लीडचे लग, म्हणजे टोकाचे बोल्टने आवळलेले जोड, हाताने हलवून बघा. हलला तर घट्ट करा, पण सप्लाय बंद आणि मॅग्नेट रिकामा, म्हणजे त्यात करंट नसतानाच. मॅग्नेटमध्ये करंट असताना लीड निघाली तर १२ हेन्रीची ती कॉइल करंट थांबू देत नाही. तेवढं व्होल्टेज ती स्वतः उभं करते आणि हवेतून आर्क ओढते. व्हेपर-कूल्ड (हेलियमच्या वायूने थंड राहणाऱ्या) लीड असतील तर त्यांच्यातून वायू वाहतोय का तेही बघून घ्या.

बाकीची यादी प्रत्येक लॅबमध्ये भिंतीवर असते, म्हणून थोडक्यात: लोखंडी खुर्च्या, सिलिंडर, पाने बाहेर, ५ गॉसची रेघ जमिनीवर दिसेल अशी आखलेली, पेसमेकर असलेल्या माणसाला त्या रेघेच्या आत प्रवेश नाही, ऑक्सिजन मॉनिटर चालू आणि हवेतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर. रिलीफ व्हॉल्व्हच्या तोंडाशी काही ठेवलेलं नाही.

मेनूत काय भरायचं

करंट लिमिट सर्वात आधी. सप्लाय १२० अँपिअरचा आहे म्हणून १२० ठेवायचं नसतं. मर्यादा मॅग्नेटची, म्हणजे ९०. काही मॅग्नेट २.२ केल्विनपर्यंत थंड केले की जास्त करंट पेलतात आणि शीटवर दोन आकडे असतात. हेलियम पंप केलेलं नसेल तर खालचा आकडाच तुमचा.

मग कॉइल कॉन्स्टंट. आपल्या मॅग्नेटला तो एका अँपिअरला ०.१ टेस्ला. काही कंट्रोलर हाच आकडा उलटा मागतात, टेस्लामागे अँपिअर, तेव्हा १० भरायचं. शिवाय एकक टेस्ला आहे की किलोगॉस तेही बघायचं; १ टेस्ला म्हणजे १० किलोगॉस. इथे गोंधळ झाला तर पडद्यावरचं फील्ड दहापट चुकतं आणि मॅग्नेट मात्र निमूटपणे भलतीकडे जातो.

व्होल्टेज लिमिटकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते मेनूतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे. कॉइलवर येणारं व्होल्टेज म्हणजे इंडक्टन्स गुणिले रॅम्प रेट. सेकंदाला ०.१ अँपिअरने चढलो तर १२ गुणिले ०.१, म्हणजे १.२ व्होल्ट. त्यात बाहेरच्या केबलचा आणि लीडचा रोध मिळवायचा. तो ५ मिलिओहम धरला तर ६० अँपिअरला ०.३ व्होल्ट त्यातच जातात. एकूण १.५. म्हणून लिमिट २ व्होल्ट. १ व्होल्ट ठेवलं तर काय होईल? सप्लाय तक्रार करणार नाही. ६० अँपिअरच्या आसपास कॉइलला फक्त ०.७ व्होल्ट उरतील, रॅम्प आपोआप सेकंदाला ०.०६ अँपिअरच्याही खाली घसरेल, आणि पडद्याच्या कोपऱ्यात व्होल्टेज लिमिटची बारीक खूण उमटेल. ती न बघता 'मॅग्नेट हल्ली हळू चढतो' असं म्हणणारे भेटतात.

रॅम्प रेट एकच ठेवू नका, टप्पे पाडा. ० ते ६० अँपिअर सेकंदाला ०.१ ने, ६० ते ८० पर्यंत ०.०६ ने, शेवटचे दहा ०.०३ ने. एकूण वेळ साधारण एकवीस मिनिटं. सरळ ०.१ ने गेलात तर पंधरा मिनिटांत पोचाल. ही सहा मिनिटं वाचवण्यात शहाणपण नाही, कारण फील्ड वाढेल तशी तारेची सहनशक्ती कमी होते आणि वायंडिंगवरचा ताण वाढतो. एखादा फेरा केसभर सरकला तरी त्या घर्षणाची उष्णता शेवटच्या टप्प्यात पुरेशी ठरते.

राहता राहिली स्विचची तीन सेटिंग: हीटरचा करंट मिलिअँपिअरमध्ये, तापायला लागणारा वेळ, थंड व्हायला लागणारा वेळ. पर्सिस्टंट स्विच म्हणजे कॉइलच्या दोन टोकांना जोडलेला अतिवाहक तारेचा तुकडा आणि त्याला गुंडाळलेला हीटर. हीटर चालू झाला की तुकडा साध्या तारेसारखा वागतो, आपल्या उदाहरणात ३० ओहम; यालाच स्विच उघडणं म्हणतात. हीटर बंद केला की तुकडा पुन्हा अतिवाहक, म्हणजे स्विच बंद. हीटरचा करंट कमी पडला तर स्विच उघडतच नाही. जास्त झाला तर हेलियम उगाच उडतं आणि स्विच थंड व्हायला वेळ लागतो. काही कंट्रोलर योग्य करंट आपणहून शोधतात. ती सोय चांगली आहे, पण मॅग्नेट पूर्ण रिकामा असतानाच वापरायची.

स्टॅबिलिटी नावाचं सेटिंग असेल तर ते मॅग्नेटच्या इंडक्टन्सप्रमाणे आणि स्विच आहे की नाही त्यानुसार मॅन्युअलमध्ये सांगितल्यासारखं ठेवा. ते चुकलं तर करंट लक्ष्यापाशी पोचून डुलत राहतो. पुढच्या चाचणीत लगेच दिसेल.

आधी पाचच अँपिअर

हीटर चालू करा, ३० सेकंद किंवा शीटवर दिला असेल तेवढा वेळ थांबा, आणि सेकंदाला ०.०५ अँपिअरने ५ अँपिअरपर्यंत जा. शंभर सेकंदांचं काम. या शंभर सेकंदांत करंटकडे बघू नका. तो चढणारच आहे, सप्लाय त्यासाठीच बनवलाय. व्होल्टेज बघा.

१२ गुणिले ०.०५ म्हणजे ०.६ व्होल्ट दिसायला हवेत, वर केबलचे थोडे मिलिव्होल्ट. तेवढे दिसले तर करंट खरोखर कॉइलमध्ये जातोय. करंट चढतोय पण व्होल्टेज शून्याला चिकटलंय, तर स्विच उघडलेला नाही; सगळा करंट त्या छोट्या तुकड्यातून फिरून परत येतोय आणि मॅग्नेट रिकामाच आहे. हीटरची वायर तुटली असेल किंवा करंट अपुरा असेल. व्होल्टेज थेट लिमिटला जाऊन बसलं आणि करंट हलेना, तर कुठेतरी जोड सुटलाय. सप्लाय बंद करा, लग बघा.

५ अँपिअरवर पोचताच व्होल्टेज ०.६ वरून एकदम ०.०२५ च्या आसपास उतरतं. तो उतार नीट पाहून ठेवा. रॅम्प चालू असताना कॉइल बोलते, थांबल्यावर फक्त केबल बोलते. पुढे पर्सिस्टंट मोडमध्ये या एका गोष्टीवरच सगळी मदार आहे.

वर चढताना

आता लक्ष्य द्या आणि रॅम्प सुरू करा. खुर्ची सोडून जाऊ नका, पण सारखी बटणंही दाबू नका. हेलियमची पातळी, वायूचा प्रवाह आणि व्होल्टेज यांवर दर पाच मिनिटांनी नजर टाकली तरी पुरे. काही खटकलं तर पॉज दाबा. पॉज म्हणजे आहे त्या करंटवर उभं राहणं, आणि ते कायम सुरक्षित असतं. घाबरून मेनचं बटण बंद करणं मात्र नव्हे.

९० वर थांबलात की ठरलेलं केबलचं व्होल्टेज दिसेल, आपल्या उदाहरणात ०.४५. हा आकडा मी दर वेळी वहीच्या समासात लिहितो. एकदा तो ०.५२ दिसला. सात शतांश व्होल्ट, कोणी वळूनही बघणार नाही. पण ०.०७ गुणिले ९० म्हणजे सव्वासहा वॉट कुठल्यातरी एका ठिकाणी जिरत होते. ते ठिकाण हेलियमात असतं तर तासाला आठ-नऊ लिटर उडाले असते. नशिबाने वरच्या टर्मिनलचा बोल्ट सैल निघाला. हात लावल्यावर कोमट लागत होता. जोडातला किरकोळ रोध किती महाग पडतो ते सर्न या संशोधन संस्थेच्या एलएचसीने, म्हणजे अतिवाहक चुंबकांच्या प्रचंड कणत्वरकाने, पाहिलंय. १९ सप्टेंबर २००८ रोजी ८.७ किलोअँपिअरच्या आसपास असताना दोन चुंबकांमधला एक सदोष जोड तापला. त्याचा रोध नंतर सुमारे २२० नॅनोओहम इतकाच काढला गेला. बाहेर पडलं सुमारे ६ टन हेलियम.

पर्सिस्टंट मोडमध्ये जाणं आणि परत येणं

१९१४ मध्ये लायडनला हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी शिशाच्या थंड वेटोळ्यात करंट सोडून बॅटरी काढून घेतली, आणि बाहेर ठेवलेल्या चुंबकसुईने तो करंट तासन् तास तसाच फिरत असल्याचं दाखवलं. आपण करतो ते तेच, फक्त स्विच लावून. फायदा दुहेरी: फील्ड स्थिर राहतं, आणि लीडमध्ये करंट नसल्याने तिथली उष्णता वाचते.

समजा ८५ अँपिअरवर थांबलोय. व्होल्टेज स्थिरावू द्या, दोन-तीन मिनिटं. हीटर बंद करा. आता स्विच थंड होईपर्यंत हात बांधून बसायचं. शीटवर ३० सेकंद लिहिलं असेल तर मी मिनिटभर थांबतो.

त्यानंतर पुष्कळ जण लीडचा करंट सरळ शून्यावर सोडतात. मी आधी फक्त एक अँपिअर उतरतो, ८५ वरून ८४, सेकंदाला ०.१ च्या गतीने, आणि व्होल्टेज बघतो. स्विच बंद झाला असेल तर कॉइलला या उतरण्याची दखलही नसते आणि केबलचे ०.४२ व्होल्ट तसेच राहतात. स्विच उघडाच असेल तर १.२ व्होल्ट वजा होऊन आकडा उणे ०.७८ कडे जातो, म्हणजे मॅग्नेटही आपल्यामागे उतरतोय. परत ८५ वर जा, थांबा, हीटर खरंच बंद आहे का तपासा. सगळं ठीक असेल तर लीड भराभर उतरवता येते, कारण आता मध्ये इंडक्टन्स नाही. सेकंदाला काही अँपिअरसुद्धा चालतात.

लगेच एका जाड कागदावर लिहा: ८५.००० अँपिअर, चिन्ह अधिक, तारीख, वेळ. कागद सप्लायच्या तोंडावर, पडद्याच्या अगदी शेजारी चिकटवा. कंट्रोलर हा आकडा लक्षात ठेवतो, हे खरं. पण कंट्रोलर बदलला जातो, कोणी सेटिंग रिसेट करतं, वीज जाते.

आमच्याकडे एका पहाटे वीज गेली आणि आली. नव्याने रुजू झालेला मुलगा फोनवर म्हणाला, "सर, शून्यावर आहे, हीटर लावू का?" मी विचारलं, "होकायंत्र काय म्हणतंय?" क्रायोस्टॅटपासून ठरावीक अंतरावर टेबलाला एक स्वस्तातलं होकायंत्र कायम चिकटवलेलं असतं. तो गेला, परत आला. "सर, सुई मॅग्नेटकडेच बघतेय." कागद फरशीवर पडला होता.

त्याने तेव्हा हीटर लावला असता तर? ८५ अँपिअर वाहून नेणारा स्विच अचानक ३० ओहमचा झाला असता. कागदावर हिशेब केला तर २,५५० व्होल्ट. प्रत्यक्षात संरक्षक डायोड त्याआधीच वाहू लागतात, पण स्विच तापतो, कॉइलमधली ऊर्जा वाट फुटेल तिकडे जाते आणि क्वेंच, म्हणजे तारेची अतिवाहकता एकाएकी जाऊन साठलेल्या ऊर्जेने हेलियम उडणं, जवळपास ठरलेलाच.

म्हणून परत येताना क्रम असा: कागद वाचा. चिन्ह वाचा, उणे ८५ च्या मॅग्नेटला अधिक ८५ दिलेत तर फरक १७० चा होतो. स्विच बंद असतानाच लीड ८५.००० पर्यंत चढवा, व्होल्टेज हळूहळू ०.४२५ वर येऊन थांबेल. मग हीटर, मग शीटवरचा वेळ. आकडे जुळले असतील तर स्विच उघडताना व्होल्टेज जेमतेम हलतं. बारीकसा झटका दिसला तर इतक्या दिवसांत फील्ड किंचित घसरलंय एवढाच त्याचा अर्थ. तोही वहीत लिहून ठेवा.

खाली येताना

ऊर्जा परत घेऊ शकणारा, म्हणजे चारही क्वाड्रंटमध्ये चालणारा सप्लाय असेल तर उतरणं चढण्यासारखंच, टप्पे उलटे. सप्लाय एकाच दिशेचा असेल आणि सोबत एनर्जी अॅब्सॉर्बर नसेल, तर करंट फक्त केबलच्या रोधातून आणि सप्लायच्या आतल्या थोड्याफार व्होल्टेजमधून जिरणार. नुसत्या केबलचा हिशेब केला तर १२ भागिले ०.००५ म्हणजे २,४०० सेकंद, चाळीस मिनिटांचा टाइम कॉन्स्टंट. शेवटचे काही अँपिअर तर जाता जात नाहीत. घाईत असलेल्या माणसाने अॅब्सॉर्बरची मागणी आधीच करावी.

आणि शून्य अँपिअर म्हणजे शून्य फील्ड नव्हे. तारेतल्या तंतूंमध्ये अडकलेल्या चुंबकीय फ्लक्समुळे थोडं फील्ड मागे उरतं. मोजमापाला ते त्रास देत असेल तर शून्यावर सरळ न येता अधिक-उणे करत, दर वेळी झोका लहान करत या. तेवढ्यानेही भागलं नाही तर मॅग्नेट तापवून पुन्हा थंड करण्याला पर्याय नाही.

स्क्रिप्टच्या हाती देताना

संगणकाने आरएस-२३२, जीपीआयबी किंवा इथरनेटच्या जोडणीवरून आज्ञा पाठवणं सोपं आहे. चुका बहुतेक वाट बघण्यात होतात. 'वीस मिनिटं थांब आणि पुढे जा' असं लिहू नका. कंट्रोलरला त्याची अवस्था विचारत राहा: रॅम्प होतोय, थांबलाय, पॉज आहे, स्विच तापतोय, क्वेंच झालाय. थांबलाय असं उत्तर आलं, करंट लक्ष्याशी जुळला आणि व्होल्टेजही उतरलं, तरच पुढचं पाऊल. उत्तरच आलं नाही तर स्क्रिप्टने काही न करता माणसाला हाक मारावी.

दुसरा सापळा एककांचा. एका कंट्रोलरवर रेट मिनिटाला असतो, दुसऱ्यावर सेकंदाला. मिनिटाला ६ अँपिअर म्हणून लिहिलेली स्क्रिप्ट सेकंदाच्या सेटिंगवर चालवली तर ती ७२ व्होल्ट मागते. तिथे आपण ठेवलेलं २ व्होल्टचं लिमिट आडवं येतं आणि रॅम्प सेकंदाला ०.१७ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणून स्क्रिप्टने सुरुवातीलाच एककं विचारावीत, लिमिट परत वाचून घ्यावीत आणि जुळत नसतील तर बंद पडावं. हीटर चालू करण्याची आज्ञा मी अजूनही स्क्रिप्टला देत नाही. तेवढं बटण माणसाने कागद वाचून दाबायचं.

क्वेंच झालाच तर

आधी आवाज येतो. रिलीफमधून वायू सुसाटत निघतो, पांढरे ढग दिसतात. ऑक्सिजनचा अलार्म वाजला तर पडद्यावर काय लिहिलंय ते वाचत बसू नका, बाहेर पडा, दार उघडं ठेवा. हेलियम वर छताला साचतं, त्यामुळे स्टूलवर चढून काही बघायला जाऊ नका.

खोली सुरक्षित झाल्यावर कंट्रोलरपाशी या. करंट आणि व्होल्टेज अपेक्षेपासून एकदम फुटले की तो आउटपुट शून्यावर आणतो आणि क्वेंचचा इशारा धरून ठेवतो. रिसेट करण्याआधी इशाऱ्यासोबतचा करंट उतरवून घ्या. लीड सुटली किंवा विजेला झटका बसला तरी हाच इशारा येऊ शकतो. हेलियमची पातळी जिथल्या तिथे असेल तर खऱ्या क्वेंचऐवजी जोड आणि वीज तपासा.

पातळी खरोखर पडली असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह नीट बसलाय का बघा. त्याच्या सीटवर बर्फ धरलं तर तो अर्धवट उघडा राहतो, हवा आत शिरते आणि क्रायोस्टॅटच्या गळ्यात गोठून वाट बंद करते. मग हेलियम भरा, कॉइल बुडू द्या, एखादा तास तशीच राहू द्या. नंतरचा पहिला रॅम्प पुन्हा पाच अँपिअरचा, ०.६ व्होल्ट दिसतायत का ते बघत, आणि समासात केबलचा आकडा लिहून.